शास्त्रवर्ग आणि पुस्तकाची रूपरेषा

योना संदेष्ट्याविषयीं तुम्हांस काय ठाऊक आहे, असें कोणत्याहि वर्गांत विचारलें असतां निम्मे हात एकदम वर होतात, आणि बहुतेकांचें उत्तर एकच असतें: त्याला माशानें गिळलें. उत्तर खोटें नाहीं. परंतु योनाच्या पुस्तकांत एकंदर ४८ वचनें आहेत, व त्यांपैकीं माशाचा उल्लेख अवघ्या ३ वचनांत आहे. बाकीच्या ४५ वचनांत काय आहे, असा दुसरा प्रश्न केला कीं वर्ग शांत होतो. मुलांनीं वचनें पाठ केलेलीं असतात, गोष्टीहि ऐकलेल्या असतात. पण अमुक गोष्ट कोठून निघाली व कोठें जाऊन थांबली, हें त्यांस सांगतां येत नाहीं. मोठ्यांची स्थितीहि याहून फार निराळी नसते. परडीभर फुलें वेंचलीं, परंतु झाड पाहिलें नाहीं, अशांतला हा प्रकार होय.

यावर उपाय म्हणून शिक्षकांस नेहमीं सांगण्यांत येतें कीं, पवित्र शास्त्रांतील एखादें पुस्तक शिकवावयास घेण्यापूर्वीं त्याची रूपरेषा हातीं असावी. सल्ला चांगला आहे. पण ती रूपरेषा आणावी कोठून, व हातीं आल्यावर तिचें करावें काय, याविषयीं सहसा कोणी बोलत नाहीं. म्हणून त्यासंबंधीं चार गोष्टी येथें सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे. शास्त्रवर्गांत बसणाऱ्या विद्यार्थ्यांस तर त्या उपयोगीं पडतीलच. पण सायंकाळीं मुलांस जवळ घेऊन वाचन करणाऱ्या आईबापांसहि त्या निरुपयोगी वाटणार नाहींत, अशी आमची आशा आहे.

रूपरेषा म्हणजे सारांश नव्हे, आणि अनुक्रमणिकाहि नव्हे. सारांशांत पुस्तक काय म्हणतें तें येतें; रूपरेषेंत तें कोणत्या क्रमानें म्हणतें, कोठें वळण घेतें, आणि कोणत्या जागीं आपलें सारें वजन टाकतें, हें दिसलें पाहिजे. चांगला कीर्तनकार दोन दोन तास हातांत कागद न घेतां उभा राहतो. पूर्वरंगांत मांडलेला विषय उत्तररंगांतील आख्यानाच्या कोणत्या प्रसंगीं पुन्हां उचलावयाचा, हें त्याच्या मनांत पक्कें असतें. म्हणूनच आख्यान कितीहि रंगलें तरी तो वाट चुकत नाहीं. श्रोत्यांस तो आराखडा दिसत नसला, तरी त्याचा आधार मात्र त्यांस सतत जाणवत असतो.

तयार रूपरेषा मिळण्यास आज मुळींच अडचण नाहीं. टीकाग्रंथांच्या आरंभीं त्या असतात. अभ्यासासाठीं छापलेल्या शास्त्राच्या प्रतींत पुष्कळदां प्रत्येक पुस्तकापूर्वीं एक पान त्यांस दिलेलें असतें. आणि हल्लीं तर मोबाइलच्या पडद्यावर बोट टेंकतांच एका पुस्तकाच्या दहा रूपरेषा पुढें येऊन उभ्या राहतात. अडचण आहे ती हीच कीं, त्या दहा एकमेकींशीं जुळत नाहींत. एकाच पत्राचे कोणी चार भाग करतो, कोणी सात. या गोंधळांतून सुटण्यासाठीं पुष्कळ शिक्षक अध्यायांचा आश्रय करतात: जितके अध्याय तितके रविवार, म्हणजे मार्काचें शुभवर्तमान सोळा रविवारांत संपलें! हिशेब सोपा खरा, परंतु त्यानें पुस्तक शिकवून होत नाहीं.

कारण अध्याय हे मूळ लेखकांनीं पाडलेलेच नाहींत. आज आपण वापरतों ती विभागणी तेराव्या शतकाच्या आरंभींची असून तिचें श्रेय सामान्यतः स्टीफन लँग्टन यास देतात. हा पॅरिस येथें शिकवीत असे व पुढें कँटरबरीचा आर्चबिशप झाला. नव्या करारांतील वचनांचे आंकडे तर त्याहूनहि अलीकडचे. रॉबेर एतियेन या मुद्रकानें १५५१ सालीं छापलेल्या ग्रीक प्रतींत ते प्रथम घातले, व पॅरिसहून लियाँस जातांना प्रवासांत त्यानें हें काम केलें, असें त्याच्या मुलानें लिहून ठेविलें आहे. हे आंकडे नसते तर भर वर्गांत एखादी ओळ शोधतांना आपली फारच तारांबळ उडाली असती, म्हणून त्या दोघांचे उपकार मानावे तितके थोडेच. परंतु सोय निराळी आणि अर्थ निराळा. उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायांत सहा दिवस येतात, आणि सातवा दिवस दुसऱ्या अध्यायांत जाऊन पडतो. दुःख सोसणाऱ्या सेवकाचें गीत यशयाच्या त्रेपन्नाव्या अध्यायांत आहे असें आपण म्हणतों. वस्तुतः तें बावन्नाव्याच्या तेराव्या वचनापासून सुरू होतें. प्रेषितांच्या कृत्यांत पौल यरुशलेमेंतील पायऱ्यांवर उभा राहून लोकांस हातानें खुणावतो व बोलावयास आरंभ करतो, तोंच एकविसावा अध्याय संपतो. मलाखीचे आपल्या मराठी शास्त्रांत चार अध्याय आहेत, इब्री शास्त्रांत तीनच. मजकूर मात्र तोच. मजकुराच्या मधूनमधून जाड अक्षरांत छापलेलीं शीर्षकेंहि प्रकाशकांचींच होत. (स्तोत्रांच्या माथ्यावरच्या जुन्या ओळी मात्र इब्री शास्त्रांतच आहेत, त्या कोणीं गाळूं नयेत.)

मग लेखकाच्या स्वतःच्या खुणा कोणत्या? त्या असतात, आणि पुष्कळ ठिकाणीं अगदीं ठळक असतात. उत्पत्तीच्या पुस्तकांत वंशक्रम सांगण्याचें एक ठराविक वाक्य अकरा वेळां येतें, व दर वेळीं कथा जणूं नव्या दारांतून आंत शिरते. मत्तयाच्या शुभवर्तमानांत येशूचीं पांच मोठीं भाषणें आहेत, आणि प्रत्येकाच्या शेवटीं तें भाषण समाप्त झाल्याचें जवळजवळ एकाच धाटणीचें वाक्य आहे. स्तोत्रसंहितेचे पांच भाग ४१, ७२, ८९ व १०६ या स्तोत्रांच्या अखेरच्या स्तुतिवचनांनीं एकमेकांपासून वेगळे झालेले आहेत.

आमोसाचे पहिले दोन अध्याय तर नकाशा पुढें ठेवूनच वाचावे. हा तकोवा येथील मेंढपाळ, म्हणजे दक्षिणेचा माणूस. पण बोलावयास गेला उत्तरेकडील इस्राएलाच्या राज्यांत. तो प्रथम ईशान्येच्या दिमिष्कावर शब्दांचा आसूड ओढतो, मग नैर्ऋत्येच्या गज्जावर, मग वायव्येच्या सोरावर, मग दूर आग्नेयेच्या अदोमावर, मग पूर्वेच्या अम्मोनावर व मवाबावर. मुलांस दर नांवाबरोबर नकाशावर एकेक टांचणी टोंचावयास सांगावें. ऐकणाऱ्यांनीं तोंपर्यंत खुशाल माना डोलविल्या असतील, कारण ही सारीं शेजारचीं वैरी राज्यें. सातवी टांचणी यहूदावर पडते, आणि आठवी थेट ऐकणाऱ्यांच्याच पायाखालीं, इस्राएलावर. व तेथें आमोस सर्वांत अधिक वेळ थांबतो. टांचण्यांभोंवतीं दोरा गुंडाळला म्हणजे फांस कसा आवळत आला, हें दहा वर्षांच्या मुलासहि दिसतें. अशी रूपरेषा कोणास पाठ करावी लागत नाहीं.

आतां योनाकडे वळूं. मोठ्यानें वाचलें तरी हें पुस्तक दहा मिनिटांत संपतें. म्हणून नव्या वर्गास रूपरेषा काढावयास शिकविण्यासाठीं याहून सोयीचें पुस्तक आम्हांस ठाऊक नाहीं. पहिला नियम असा कीं, पुस्तक एका बैठकींत, मध्यें न थांबतां व कांहीं एक समजावून न सांगतां वाचावें. आम्हां शिक्षकांस हें फार जड जातें, कारण मध्यें बोलण्याची आमची संवय दांडगी. वाचून झाल्यावर वर्गाच्या चार तुकड्या कराव्या व प्रत्येकीस एकेक प्रश्न द्यावा: स्थळ कोठें कोठें बदलतें, कोण कोणाशीं बोलतो, कोणता शब्द किंवा प्रसंग पुन्हां येतो, आणि पुस्तकाचें शेवटचें वाक्य कोणतें व तें तसेंच कां. पंधरा मिनिटें पुष्कळ झालीं. मग जें मिळालें तें फळ्यावर मांडावें.

पहिली तुकडी गलबत, माशाचें पोट, निनवे शहर व शहराबाहेरची जागा अशीं चार स्थळें सांगते. येथें अध्याय व स्थळें बरींच जुळतात, ही आपल्या सोयीची गोष्ट. दुसऱ्या तुकडीचें काम थोडक्यांत आटपतें, पण कोण देवाशीं बोलतो व कोण नुसता गप्प राहतो, ही तिची यादी पुढें कामास येते. तिसऱ्या तुकडीच्या हातीं मात्र मोठें घबाड लागतें. परमेश्वराची आज्ञा योनास दोनदां होते, पहिल्या अध्यायाच्या आरंभीं व तिसऱ्याच्या आरंभीं. एकदां तो उठून उलट दिशेस तार्शीशच्या गलबतांत बसतो, दुसऱ्यांदा उठून निनवेस जातो. दोन्ही वेळीं त्याची गांठ परक्या लोकांशीं पडते, आणि दोन्ही वेळीं ते लोक त्याच्याहून चांगले वागतात: खलाशी त्याचा जीव वांचावा म्हणून किनारा गांठण्यासाठीं वल्हीं मारून थकतात, आणि निनवेचा राजा सिंहासनावरून उतरून राखेंत बसतो. देवानें मनावर घेतलें तर कदाचित् आपला नाश टळेल, असें गलबताचा नाखवा बोलतो. राजाचे उद्गारहि त्याच अर्थाचे आहेत. नंतर दोन्ही वेळीं योना प्रार्थना करतो: एकदां माशाच्या पोटांत, स्वतःचा जीव वांचला म्हणून उपकार मानीत, आणि एकदां निनवेस असतांना, दुसऱ्यांचे जीव वांचले म्हणून रागानें. फळ्यावर दोन उभे रकाने आंखून पहिल्या व दुसऱ्या अध्यायासमोर तिसरा व चौथा लिहिला, कीं पुस्तकाचा सांगाडा मुलांस आपला आपणच दिसूं लागतो.

मग योना मुळांत पळाला कां, हा प्रश्न टाकावा. बहुतेक मुलें म्हणतात, भीतीनें. पहिल्या अध्यायांत कारण दिलेलेंच नाहीं! तें चौथ्या अध्यायाच्या दुसऱ्या वचनांत योना स्वतःच्या तोंडानें सांगतो: देव दयाळू आहे व तो निनवेस क्षमा करील, हें त्याला आधींच ठाऊक होतें, म्हणून तो पळाला. निनवे ही अश्शूरांची नगरी. इसवी सनापूर्वीं ७२२ च्या सुमारास ज्यांनीं शोमरोन घेऊन उत्तरेकडील इस्राएलाचें राज्य बुडविलें, तेच हे अश्शूर. शत्रूवर दया होऊं नये म्हणून पळणारा संदेष्टा, ही गोष्ट माशाच्या गोष्टीहून फार निराळी आहे. आमच्या शास्त्रवर्गांत ख्रिस्ती मुलांबरोबर इतर समाजांचीं मुलेंहि आवडीनें येऊन बसतात, आणि या जागीं सर्वांचीच चुळबुळ थांबते, असें आम्हीं पाहिलें आहे. चौथी तुकडी सांगते कीं, पुस्तक प्रश्नावर संपतें: आपला उजवा हात कोणता व डावा कोणता हेंहि न कळणारीं १,२०,००० हून अधिक माणसें, शिवाय पुष्कळ गुरेंढोरें, यांची कींव देवास येऊं नये काय? योनाचें उत्तर लिहिलेलें नाहीं. शिक्षकानेंहि तें भरून काढूं नये.

शेवटीं मथळे द्यावयाचे. मथळा नुसत्या नामाचा नसावा, त्यांत क्रियापद असावें, असा आमचा आग्रह आहे. “योना आणि वादळ” या मथळ्यानें कांहींच कळत नाहीं; “खलाशी प्रार्थना करतात, संदेष्टा झोंपतो” यानें अर्धा पाठ होऊन जातो. आणि भागांच्या सीमेवर वाद झाला तर तो होऊं द्यावा. तिसऱ्या अध्यायाचें शेवटचें वचन, ज्यांत देव निनवेवरील अरिष्ट टाळतो, तें मागच्या कथेचा शेवट कीं योनाच्या रागाचा आरंभ? दोन्ही बाजूंस बोलण्याजोगें आहे, आणि जीं मुलें त्यावर दहा मिनिटें भांडलीं, त्यांस तें वचन पुन्हां पाठ करावें लागत नाहीं.

योनाची रूपरेषा ध्यानीं नसली, तर एक सुंदर गोष्ट अर्धी राहते, इतकेंच. इयोबाची नसली, तर माणसाच्या मनास इजा होते. आरंभ लहान असला तरी पुढें मोठी भरभराट होईल, अशा अर्थाचें इयोबाच्या आठव्या अध्यायांतील सातवें वचन शुभेच्छांच्या पत्रांवर व भिंतीवरच्या चौकटींत छापलेलें आढळतें. तें कोण बोलतो? बिल्दद शूही. कोणापुढें? ज्याचीं दहाहि मुलें एकाच दिवशीं घर कोसळून मेलीं, त्या बापापुढें. आणि तीनच वचनें आधीं तो काय म्हणाला? तुझ्या मुलांनीं पाप केलें असेल, म्हणून देवानें त्यांस त्यांच्या अपराधाच्या हवालीं केलें! हा धागा तोडून पुढचें वचन उचललें, कीं तें गोड लागतें. शोकाच्या घरीं समाचारास जाणारे लोक इयोबाच्या मित्रांचीं वाक्यें शास्त्राचा निकाल म्हणून बोलतात. आपलें मूल आपल्या दोषानें गेलें काय, हा कांटा मग त्या आईच्या मनांत वर्षानुवर्षें सलत राहतो.

या पुस्तकाची रूपरेषा फळ्यावर पांच मिनिटांत लिहितां येते. पहिले दोन अध्याय गद्य कथा. तिसऱ्यांत इयोबाचा विलाप. चवथ्यापासून सत्ताविसाव्यापर्यंत अलीफज, बिल्दद व सोफर यांच्याशीं संवादाच्या तीन फेऱ्या. अठ्ठाविसाव्यांत ज्ञान कोठें सांपडतें याविषयींचें काव्य. मग एकतिसाव्याच्या शेवटापर्यंत इयोबाचें आपल्या निर्दोषतेविषयींचें भाषण. सदतिसाव्यापर्यंत तरुण अलीहू. नंतर वादळांतून परमेश्वराचें बोलणें. आणि बेचाळिसाव्यांत इयोबाचें उत्तर व अखेरची कथा. तिसऱ्या फेरीकडे मुलांचें लक्ष मुद्दाम वेधावें: बिल्ददाचें भाषण सहा वचनांतच आटपतें, आणि सोफर तर बोलतच नाहीं. मित्रांचे शब्द संपत आले आहेत, हें शब्दांच्या संख्येवरूनच कळतें. पण सर्वांत मोठी खूण बेचाळिसाव्या अध्यायाच्या सातव्या वचनांत आहे. तेथें परमेश्वर अलीफजास सांगतो कीं, तूं व तुझे दोघे मित्र माझ्याविषयीं यथार्थ बोललां नाहीं, माझा सेवक इयोब बोलला. मागील सारे संवाद या वचनाच्या उजेडांत वाचावयाचे आहेत. मित्रांचें प्रत्येक वाक्य त्याज्य आहे असें मात्र कोणीं समजूं नये. करिंथकरांस लिहितांना पौलानें अलीफजाचेंच एक वाक्य आधारास घेतलें आहे. तथापि बोलणारा कोण, हें विचारल्यावांचून इयोबांतील एकहि ओळ कोणाच्या दुःखावर ठेवूं नये, एवढें तरी वर्गानें शिकून बाहेर पडावें. हें वाचून ज्या पालकांस आपल्या घरची भिंत आठवेल, त्यांनीं ती चौकट उतरविलीच पाहिजे असें नाहीं. मुलांस आठवा अध्याय सबंध वाचून दाखविला म्हणजे पुरे.

मग छापील रूपरेषा टाकून द्यावयाच्या काय? मुळींच नाहीं, फक्त त्या शेवटीं आणाव्या. वर्गाची स्वतःची रूपरेषा फळ्यावर तयार झाली, कीं दोन छापील रूपरेषा तिच्या शेजारीं लावाव्या व कोठें जुळतें, कोठें नाहीं, तें पाहावें. आधीं दाखविल्या तर मुलें पुस्तक वाचीत नाहींत, रूपरेषाच वाचतात. परक्या रूपरेषेची पारख करण्यास आम्ही एकच कसोटी सांगतों: तिचे मथळे दुसऱ्या एखाद्या पुस्तकावर चिकटवून पाहावे. तेथेंहि ते तितकेच शोभले, तर ते कोठेंहि शोभतील, आणि म्हणून निरुपयोगी. सर्व मथळे एकाच अक्षरानें सुरू करण्याची कित्येक उपदेशकांस हौस असते. पालन, पोषण, प्रगति, परिपूर्णता अशी ती माळ ऐकावयास गोड लागते, परंतु तिसरा शब्द बहुधा पुस्तकांतून आलेला नसून कोशांतून आलेला असतो. त्याचप्रमाणें जेथें तेथें आरशासारखी उलटसुलट जुळणी शोधणारे पंडितहि असतात. योनांत जुळणी आहे म्हणून ती सर्वत्र असलीच पाहिजे असें नाहीं.

कांहीं पुस्तकें तर रूपरेषेस दादच देत नाहींत. नीतिसूत्रांचे पहिले नऊ अध्याय नीट विभागतां येतात, पण दहाव्यापासून पुढें बाराहून अधिक अध्याय सुटीं सुटीं सूत्रें आहेत. तेथें बळेंच भाग पाडण्यापेक्षां आळस, जीभ, तराजू असे विषय घेऊन सूत्रें गोळा करावीं. योहानाचें पहिलें पत्र प्रकाश, प्रीति व सत्य यांभोंवतीं पुन्हां पुन्हां फिरत राहतें. विलापगीताच्या पहिल्या चार अध्यायांची रचना इब्री वर्णमालेच्या बावीस अक्षरांवर आहे. मराठींत अक्षरें दिसत नाहींत, पण वचनें मोजलीं तर २२, २२, ६६, २२ असा हिशेब लागतो. पांचव्यांतहि २२ वचनें आहेत, मात्र अक्षरांचा क्रम तेथें नाहीं. हें मुलांस मोजूं द्यावें.

घरीं वाचणाऱ्या पालकांनीं आरंभ रूथच्या पुस्तकापासून करावा, असें आम्ही सुचवितों. चार अध्याय, ८५ वचनें. चार संध्याकाळीं एकेक अध्याय वाचावा, आणि बेथलेहेमांतल्या बायका बोलतात ते प्रसंग कोणते, एवढेंच मुलांस शोधावयास सांगावें. त्या पहिल्या अध्यायाच्या शेवटीं बोलतात, नामी रिकाम्या हातांनीं परत आल्यावर. आणि चौथ्याच्या शेवटीं, नातू तिच्या मांडीवर आल्यावर. पांचव्या संध्याकाळीं या दोन प्रसंगांमध्यें पाटीवर एक रेघ ओढावी, आणि शेत, खळें व वेस हीं मधलीं ठिकाणें त्या रेघेवर मुलांस आपल्या हातानें लिहूं द्यावीं.